केईएम स्वस्त आणि प्रायव्हेट महाग, हे गणित आलं कुठून?

एमबीबीएसच्या कॅप राउंडचा, म्हणजे एकत्रित प्रवेशफेरीचा, प्रेफरन्स फॉर्म भरायची वेळ आली की घरोघरी एकच वाद, घराजवळचं नाव असलेलं प्रायव्हेट घ्यायचं की गडचिरोलीचं नवीन जीएमसी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज. पण आपल्याकडे नाव आणि पैसा यांच्यात निवड करायची वेळच पूर्वी कुणावर यायची नाही. ग्रँट 1845 चं, नायर 1921 चं, जीएस म्हणजे केईएम 1926 चं, पुण्याचं बीजे 1946 चं, नागपूर 1947 चं, सगळी सरकारी नाहीतर महापालिकेची, फी किरकोळ आणि नाव झालं ते ओपीडीतल्या गर्दीमुळे, कारण पोरं शिकतात पेशंट बघून, बिल्डिंग बघून नाही. तिथे नंबर लागला नाही की बीएस्सी धरायची, ज्यांच्याकडे पैसे ते कर्नाटकात मणिपालच्या खाजगी कॉलेजला जायचे.

मग वसंतदादा मुख्यमंत्री असताना 1983-84 च्या सुमाराला विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, 1984 ला लोणी आणि कराड सुरू झाली, आणि डोनेशन हा शब्द मध्यमवर्गीय घरात आला. 1987 ला कॅपिटेशन फी, म्हणजे हेच डोनेशन, बंद करायचा कायदा झाला खरा, पण बिनपावतीचा व्यवहार कायद्याने थांबतोय होय! 1992 च्या मोहिनी जैन केसमध्ये कर्नाटकातला हिशोब सुप्रीम कोर्टासमोर आला, सरकारी सीटला वर्षाला 2,000 आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांना 60,000 पर्यंत. 1993 ला कोर्टाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी वाटणी करून दिली, म्हणजे एकाच्या फीवर दुसरा शिकणार, ती वाटणी 2002 च्या टीएमए पै निकालात रद्द झाली, आणि 2005 च्या इनामदार निकालाने खाजगी कॉलेजांवरचा सरकारी कोटा काढला, एनआरआयसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागा मात्र ठेवू दिल्या. फी ठरवायला समिती आहे, पण डीम्डवाले, म्हणजे अभिमत विद्यापीठांची कॉलेजं, तिच्या बाहेर.

2016 ला नीट ही देशभरासाठी एकच प्रवेश परीक्षा पक्की झाली तेव्हा वाटलं आता पैशाचा खेळ संपला. झालं एवढंच की टेबलाखालचे पैसे बरेचसे फीच्या पावतीवर आले, आणि रँक खाली असूनही डीम्डची वर्षाची वीस-पंचवीस लाख फी झेपणाऱ्याला सीट मिळते.

2024 ला राज्यात एकदम दहा नवीन सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यात गडचिरोली, हिंगोली, वाशिम. यांना अजून नाव नाही, शिकवायला माणसं अपुरी, म्हणून पालक बिचकतात. पण एमयूएचएस, म्हणजे राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखालच्या प्रायव्हेट आणि सरकारी पोरांना पेपर तोच, डिग्री तीच, आणि पुढे पीजीला, म्हणजे एमडी-एमएसला, नीट-पीजीची रँक बघतात. माझ्या मते कॉलेजच्या नावापेक्षा तिथे रोज किती पेशंट येतात ते विचारा.

राहिला बाँड, सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करावी लागते, पूर्वी ती दहा लाख दंड भरून टाळता यायची, त्याला घाबरून काही जण प्रायव्हेटकडे वळतात. पण साडेचार वर्षांची फी दरसाल लाख-दीड लाख धरली तरी सगळी मिळून डीम्डच्या एका वर्षाच्या फीत बसते.