तासन्‌तास शिजवलेल्या मटणातलं सत्त्व जातं कुठे?

‘कोकराचं मटण मंद आचेवर तीन-चार तास शिजवलं की प्रथिनं जळून जातात, उरतो तो नुसता चोथा’ असा मेसेज बरीच वर्षं फिरतो आहे. शंका येणं साहजिक आहे. तुकडे डोळ्यांदेखत आकसतात, म्हणजे काहीतरी गेलंच असणार. पण जातं ते मुख्यतः पाणी आणि थोडी चरबी.

साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाचे तंतू आवळतात आणि पाणी पिळून बाहेर येतं. प्रथिनांची घडी उलगडते, ती नाहीशी होत नाहीत. रस्सा १०० अंशांच्या फारसा वर जातच नाही, त्यामुळे जळण्याचा प्रश्न येत नाही (तळाला लागलं तर गोष्ट वेगळी). लोह आणि जस्त तर मूलद्रव्यंच, उष्णतेने ती मोडत नाहीत. खरी घट होते ती थायमिनसारख्या काही ‘बी’ जीवनसत्त्वांत, आणि त्यांतलाही काही भाग रश्शात उतरतो. तो रस्सा ओतून देणं हेच खरं नुकसान.

पडताळून पाहायचंय? खांद्याचं किंवा नळीचं मटण शिजवा, रस्सा गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरट थर आणि खाली बहुधा थलथलीत जेली दिसेल. ती जेली म्हणजे मांसाचे तंतू बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन या चिवट प्रथिनापासून झालेलं जिलेटिन, म्हणजे प्रथिनच. मात्र त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनाचा असा घटक, जो शरीराला अन्नातूनच मिळवावा लागतो) नसतं, त्यामुळे नुसतं सूप मांसाची जागा घेत नाही. चरबी नको असेल तर वरचा थर चमच्याने सहज उचलता येतो.