आजीचं कडं आणि तांब्याची गाठ

खानापूरच्या आमच्या आजीच्या मनगटावर, तांब्याच्या कड्याखाली, एक हिरवट पट्टा कायम असायचा. पावसाळ्यात गुडघे धरले की ती कडं खालीवर सरकवायची आणि म्हणायची, “तांबं अंगात मुरायलंय बघ.” आम्ही हसायचो. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. घामातली आम्लं आणि मीठ तांब्याला थोडं थोडं विरघळवतात, हिरवा डाग त्याच क्षारांचा. पण त्यानं सांधे बरे होतात का? इंग्लंडमध्ये यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आमवाताच्या ७० रुग्णांना आळीपाळीनं तांब्याची आणि बिनतांब्याची कडी घालायला दिली. २०१३ मध्ये निकाल छापून आला. काही उपयोग दिसला नव्हता.

तरी रसायनशास्त्रज्ञांनी तांब्याचा नाद सोडला नाही. अंगात कुठे दाह सुरू झाला की यकृत सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन जास्त बनवतं आणि रक्तातलं तांबं वाढतं. शरीर ते उगाच वाढवत असेल का, अशी शंका येणारच. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की रक्तातल्या तांबड्या पेशींतलं तांबं-जस्ताचं एक प्रथिन सुपरऑक्साइडचा, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेल्या ऑक्सिजनचा, नायनाट करतं. सुजेच्या जागी पांढऱ्या पेशी हाच तिखट रेणू सोडत असतात. तांबं त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन घेतं, पुढच्याला तोच देऊन टाकतं आणि पुन्हा मोकळं होतं. उसनं घ्यायचं, लगेच फेडायचं.

मग १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन सोरेन्सन या संशोधकानं अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं तांब्याशी बांधून उंदरांना दिली. बांधलेलं औषध नुसत्या औषधापेक्षा सरस ठरलं आणि पोटात व्रणही कमी झाले. ही गाठ बघण्यासारखी आहे. तांब्याचे दोन अणू समोरासमोर, मध्ये जेमतेम ०.२६ नॅनोमीटर अंतर, आणि भोवती चार अ‍ॅस्पिरिन रहाटाच्या पात्यांसारखे. प्रत्येकाचा आम्लगट दोन्ही तांब्यांना धरून बसलेला. एरवी पोटाला टोचतो तो हाच गट, इथे त्याचे हात अडकलेले. शिवाय सगळ्या रेणूवर विद्युतभार नाही, त्यामुळे तो पेशीच्या तेलकट पडद्यातून सहज आत शिरू शकतो.

म्हणजे प्रश्न नुसत्या तांब्याचा नाही, तांब्याला कोणी धरलंय याचा आहे. अथणीच्या द्राक्षबागेत केवडा रोगावर मारतात त्या मोरचुदातही तांबंच असतं, पण ते पोटात गेलं तर उलट्या होतात. कलई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं तेही तांब्यामुळेच. सुटं तांबं हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटलं की सुपरऑक्साइडहून वाईट रेणू तयार करतं.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पेनिसिलामाइनची. विल्सनच्या आजारात शरीरात साचलेलं तांबं हे औषध पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. तेच आमवातातही वापरलं गेलं! एकीकडे तांबं देऊन सूज उतरवायची, दुसरीकडे तांबं काढणारं औषध देऊन. सोरेन्सन यांचं म्हणणं असं की औषध आणि तांबं यांची शरीरात जुळणारी जोडीच काम करते. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

अडचण पोटातच आहे. जठरातल्या आम्लात ही गाठ बरीचशी सुटते, आणि रक्तात पोचलेलं तांबं तिथलं अल्ब्युमिन हे प्रथिन पळवतं. ऑस्ट्रेलियात तांबं आणि इंडोमेथॅसिन या सूज उतरवणाऱ्या औषधाची जोडी कुत्र्या-घोड्यांच्या सांध्यांसाठी वापरात आली. माणसांवर मात्र तिथेच, झिजलेल्या सांध्यांच्या ११६ रुग्णांना तांबं आणि सॅलिसिलेट या अ‍ॅस्पिरिनच्या भावंडाचं मलम लावून पाहिलं, १९९७ मध्ये निकाल आला. साध्या मलमापेक्षा सरस नाही, उलट अंगावर पुरळ जास्त.

आजी दर पाडव्याला कडं चिंचेनं घासायची. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळा थर धरून पाण्यात नेतं, कडं लखलखायचं. मनगटावरचा हिरवा पट्टा मात्र ती कधी घासत नसे. औषध त्यातच आहे, म्हणायची.