‘स्पिटफायरची आहे साहेब!’

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी बेकलाइटची, म्हणजे जुन्या टणक प्लास्टिकची, काळी डबी हातात आली. दोन छोटे खटके, माथ्यावर मोर्सची (टिंब-रेघांचे संदेश द्यायची) कळ, झाकणावर मुकुट, त्याखाली ए आणि एम ही रोमन अक्षरं आणि ५सी/३७२ हा क्रमांक. विकणाऱ्यानं विचारायच्या आधीच सांगून टाकलं, “स्पिटफायरची आहे साहेब.”

स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. खोटं म्हणता येत नाही, आणि खरंही. मुकुट आणि ए.एम. म्हणजे ब्रिटनचं हवाई मंत्रालय, एअर मिनिस्ट्री. ५सी हा रॉयल एअर फोर्सच्या कोठारयादीतला विजेच्या सामानाचा विभाग. ६ए असेल तर वैमानिकासमोरची उपकरणं, १४ए असेल तर कॅमेरे, २२सी असेल तर उड्डाणाचे कपडे आणि टोप्या. हे आकडे भांडारातल्या कारकुनासाठी होते. त्याला कप्पा सापडला की काम झालं. वस्तू कोणत्या विमानात बसणार याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. विमानाखालचे आणि वरचे ओळखदिवे लावायची ही डबी स्पिटफायरमध्ये होती, हरिकेन या लढाऊ विमानात होती आणि चार इंजिनांच्या लँकेस्टर बॉम्बरमध्येही होती. पी-८ होकायंत्राचंही तेच, क्रमांक ६ए/७२६. हे होकायंत्र कितीतरी जातींच्या विमानांत बसलं, पण बाजारात येताना प्रत्येक नग ‘स्पिटफायरचा’ होऊनच येतो. लँकेस्टरचं नाव काढून एवढी किंमत येत नसावी.

विमानाचं नाव हवं असेल तर दुसरा आकडा शोधावा लागतो, तो आराखड्याचा. सुपरमरीन कंपनीत स्पिटफायरचा मूळ नमुना क्रमांक ३०० होता, म्हणून त्याच्या सुट्या भागांवरचे आकडे ३०० पासून सुरू होतात. मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती; मार्क पाचसाठी ३४९, मार्क नऊसाठी ३६१. इथं हौशी माणसं हमखास फसतात. ३०० पाहिलं की ‘मार्क एक, म्हणजे १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतलं’ असा हिशेब मांडतात. पण जो भाग बदलायची गरजच पडली नाही, तो त्याच आकड्यानं पुढच्या विमानांतही बसत राहिला. मार्क नऊच्या सांगाड्यात ३०० चे तुकडे सापडतात, त्यात नवल काही नाही.

एवढे शिक्के मारायची वेळ का आली, याचं मूळ कारखान्यांत आहे. विमानाच्या मालाची तपासणी करणारं सरकारी खातं, ए.आय.डी., १९१३ च्या अखेरीस निघालं. पुढे १९३६ पासून युद्धाच्या तयारीसाठी ‘शॅडो फॅक्टरी’ योजना आली. मोटारी करणारे लोक विमानांच्या कामाला लागले, एकाच विमानाचे भाग अनेक गावांत घडू लागले. एका शेडमधला ब्रॅकेट दुसऱ्या शेडमधल्या पंखाला बसला पाहिजे, नाही बसला तर चूक कुणाची हे कळलं पाहिजे. म्हणून तपासनीसाचा छोटा शिक्का. बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमविचमधल्या स्पिटफायरच्या कारखान्यातून निघालेल्या तुकड्यावर सी.बी.ए.एफ. अशी अक्षरं असतात. ती भिंगाखाली दिसली की विकणाऱ्याच्या गोष्टीला थोडा आधार मिळतो.

शिक्का झिजला असेल तर स्क्रू पाहावा. ब्रिटिश माल बी.ए. आणि बी.एस.एफ. या ब्रिटिश मापांच्या आट्यांचा, अमेरिकी आटे वेगळे. एकाचा नट दुसऱ्याला चढत नाही. युद्धात या भानगडीनं इतका मनस्ताप झाला की १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एकच माप ठरवलं. पण इथंही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं मर्लिन ही मूळ ब्रिटिश विमान-इंजिनं बनवली, ती ब्रिटिश आट्यांनीच. तेव्हा अमेरिकी नावाची पट्टी आणि ब्रिटिश बोल्ट एकत्र दिसले म्हणून लगेच ‘जोडकाम’ म्हणू नये.

तेरा आकड्यांचा क्रमांक दिसला तर तो नाटोच्या पद्धतीचा, युद्धानंतरचा. पाचवा-सहावा आकडा मिळून देश कळतो: ९९ ब्रिटन, ७२ भारत.

आपल्याकडे हा माल आला तो ‘मिलिटरी डिस्पोजल’, म्हणजे लष्करानं काढून टाकलेला माल, या नावानं. त्यातला सगळाच भंगारात गेला असंही नाही. कानपूरला अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं पडून होती. अमेरिकेनं ती ब्रिटिशांना युद्धकाळातल्या ‘लेंड-लीज’ या उसनवारीच्या करारानं दिलेली. युद्ध संपल्यावर पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम निकामी केलेली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला काढलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टनं त्यांतली कित्येक पुन्हा उभी केली, आणि भारतीय हवाई दलानं ती १९६८ पर्यंत वापरली. केएन७५१ हे त्यांतलंच एक विमान आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. अशा विमानाच्या एखाद्या तुकड्याला ‘कुठला?’ विचारलं तर अमेरिका, ब्रिटन, भारत ही तिन्ही उत्तरं बरोबर.

रंगवलेल्या आकड्याचं तर आणखी वेगळं. २०१८ मध्ये भारतीय हवाई दलाला भेट मिळालेल्या डकोटा या जुन्या वाहतूक विमानाच्या शेपटीवर व्हीपी९०५ लिहिलं आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन गेलेल्या डकोटाचा तो क्रमांक; मान म्हणून दिलेला. विमान मात्र दुसरं.

घरी आणलेल्या जुन्या उपकरणाची तबकडी उघडू नये, काटे खरवडू नयेत. अंधारात चमकणाऱ्या त्यांच्या रंगात किरणोत्सारी रेडियम असतं. चमक गेली म्हणजे रेडियम संपलं असं नव्हे. चमकणारं रसायन थकतं, रेडियमला निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. गोळी, काडतूस, बॉम्बचा फ्यूज असलं काही असेल तर हातच लावू नये.

माझ्या डबीत रेडियम नव्हतं. चार स्क्रू काढले, आत पितळी पट्ट्या अजून लखलखीत. एका टोकाला मात्र निळी प्लास्टिकची वायर पिळून बसवलेली, आपल्या घरातल्या दिव्याला असते तसली. कुणीतरी मोर्सची ती कळ दारावरच्या घंटेला लावली होती.