नक्षी शाबूत, पकड गायब

27 ऑक्टोबर 2013. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली तिसरी आणि आजवरची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत नुकती सुरू झाली होती. सेबास्टियन फेटल सर्वांत पुढे होता आणि दुसरी फेरी संपता संपता तो पिटमध्ये, म्हणजे टायर बदलण्याच्या थांब्यावर शिरला. टायर बदलून बाहेर आला तेव्हा 17 व्या स्थानावर होता. 60 फेऱ्यांच्या शर्यतीत दोन फेऱ्यांनंतर टायर टाकून देणं वेडेपणाचं वाटावं, पण फेटल ती शर्यत जवळपास अर्ध्या मिनिटाच्या फरकाने जिंकला आणि त्याच दिवशी सलग चौथ्यांदा जगज्जेता झाला.

त्या वेळच्या नियमानुसार कोरड्या शर्यतीत मऊ आणि त्याहून टणक, असे दोन्ही प्रकारचे टायर प्रत्येकाने वापरायलाच हवेत. त्या ट्रॅकवर मऊ टायरला काही फेऱ्यांतच उष्णतेने फोड येत होते. टायर पुरवणाऱ्या पिरेलीनेच ते 15 फेऱ्यांपेक्षा जास्त चालवू नका असा सल्ला दिला होता. फेटलच्या रेड बुल संघाने मऊ टायरची सक्ती सुरुवातीलाच उरकून टाकली.

मला या गोष्टीत रस आहे तो वेगळ्या कारणाने. रबर पुरेसं शिल्लक असतानाही टायरची पकड जाते. आपल्याकडे मात्र टायर चांगला की वाईट हे फक्त नक्षीवरून ठरतं. नक्षी खोल असेल तर ‘अजून दोन वर्षं निघतील’, गुळगुळीत झाला तर ‘गेला’. हा समज अर्धा खरा आहे, आणि जो अर्धा खोटा आहे तो वेगवान गाड्यांच्या बाबतीत फार महागात पडतो.

फॉर्म्युला वनच्या कोरड्या रस्त्यावरच्या टायरला नक्षी नसतेच. तो पूर्ण गुळगुळीत असतो, आणि तरीही त्याची पकड जबरदस्त असते. कोरड्या डांबरावर खोबणीचा उपयोग शून्य, उलट तोटाच. खोबणीच्या जागी रस्त्याला टेकणारं रबर नसतं आणि खोबण्यांमधले उंच ठोकळे वळणावर आडवे वाकतात. ठोकळा जितका उंच तितका जास्त वाकणार, जितका वाकणार तितका तापणार. अमेरिकेत हौशी शर्यतवाले नवीन टायरचं वरचं रबर यंत्रावर तासून घेतात, ते याचसाठी. म्हणजे कोरड्या रस्त्यापुरतं बोलायचं तर थोडा झिजलेला टायर नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. मग जुन्या टायरची पकड जाते कुठे?

उत्तर शोधायला शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम थोडा बाजूला ठेवावा लागतो. घर्षणबल दाबाच्या प्रमाणात असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, असं आपण पाठ केलं. लाकूड आणि लोखंडासाठी ते ठीक आहे. रबर हा नियम मोडतं. शर्यतीच्या टायरचा घर्षणांक 1 च्या बराच पुढे जातो, भार वाढवला की तो घटतो, आणि वेग किंवा तापमान बदललं तरी तो बदलतो. कारण रबराची पकड दोन वेगळ्या वाटांनी तयार होते.

पहिली वाट चिकटण्याची. रबराचे लांबलचक रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाशी क्षणभर जोडले जातात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा जोडले जातात. हे बंध फार अशक्त असतात, पण संख्येने प्रचंड. त्यासाठी रबर रस्त्याला खरोखर भिडलं पाहिजे. वरून पाहिलं तर टायर तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला दिसतो, पण सूक्ष्म पातळीवर रस्ता म्हणजे डोंगरदऱ्या. रबर जितकं मऊ तितकं दऱ्यांत खोल उतरणार आणि खरा स्पर्श वाढणार. धूळ किंवा पाण्याचा पातळ थर मध्ये आला की ही वाट बंद होते.

दुसरी वाट माझी सर्वांत आवडती, म्हणून तिच्यापाशी जरा थांबतो.

मळलेल्या कणकेच्या गोळ्यात बोट दाबून काढा. खड्डा लगेच भरत नाही. हळूहळू, अर्धवट वर येतो. दाबायला तुम्ही जेवढी ऊर्जा दिली तेवढी परत मिळत नाही. टायरचं रबर याच स्वभावाचं आहे, फक्त त्याचा वेळेचा हिशोब सेकंदाच्या हजाराव्या किंवा लाखाव्या भागात चालतो. रस्त्यातली खडी रबरात घुसते. पुढच्या बाजूला रबर दाबलं जाऊन विरोध करतं. मागच्या बाजूला रबराने परत येऊन खडीला पुढे ढकलायला हवं होतं, पण त्याला उशीर होतो. पुढच्या आणि मागच्या दाबातला हा फरक म्हणजेच पकड. रबरात हरवलेली ऊर्जा उष्णता होते आणि टायर तापतो. थोडक्यात, पकड आणि उष्णता ही एकाच घटनेची दोन रूपं आहेत. न तापणारा आणि तरीही रस्ता धरून ठेवणारा टायर भौतिकशास्त्रात बसत नाही.

आता वेळेचा हिशोब मांडू. गाडी ताशी 100 किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 मीटर जाते आहे. ब्रेक लावल्यावर किंवा वळताना टायर थोडा घसरतच असतो. ही घसरण 5 टक्के धरली तर रबर रस्त्यावरून सेकंदाला 1.4 मीटर सरकतं. खडीचे दाणे सेंटिमीटरभर अंतरावर असतील तर रबराला सेकंदाला 140 धक्के बसतात. त्याच खडीच्या अंगावरच्या 10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खरखरीतपणाचे धक्के सेकंदाला 1,40,000. रबराला या सगळ्या वारंवारतांना एकाच वेळी उत्तर द्यायचं असतं.

रबराचे रेणू आपली जागा बदलायला ठरावीक वेळ घेतात. धक्का त्या वेळेपेक्षा फार हळू आला तर रेणू निवांत हलतात आणि ऊर्जा जवळपास पूर्ण परत देतात. धक्का फार झटपट आला तर ते हलूच शकत नाहीत. रबर काचेसारखं टणक वागतं. मधल्या पट्ट्यात, धक्क्याची वेळ आणि रेणूंची वेळ जुळते तिथे, सर्वाधिक ऊर्जा हरवते. तिथेच पकड शिखरावर असते. आणि रेणूंची ही वेळ तापमानावर ठरते: गार रबरात रेणू सुस्त, गरम रबरात चपळ. म्हणून वेग वाढवणं आणि रबर थंड करणं यांचा परिणाम सारखाच होतो. 1955 मध्ये विल्यम्स, लँडेल आणि फेरी या तिघांनी या अदलाबदलीचं गणिती सूत्र दिलं.

ब्रिटनमध्ये ग्रॉश या संशोधकाने 1963 मध्ये प्रसिद्ध केलेलं काम तर फारच सुंदर आहे. त्याने रबराचे तुकडे अगदी मंद गतीने, पण वेगवेगळ्या तापमानांना, काचेवर आणि खरखरीत कागदावर ओढले. मिळालेले सुटे आलेख वरच्या सूत्राने सरकवले तर सगळे एकाच वक्ररेषेत बसले! काचेवर या रेषेला एक शिखर होतं, खरखरीत कागदावर दोन. कागदावर मॅग्नेशियाची पूड भुरभुरली की एक शिखर नाहीसं व्हायचं, कारण पुडीने चिकटण्याची वाट बंद केली. रबराला होणाऱ्या धक्क्यांची लांबी मोजली तर काचेवर ती सुमारे 6 नॅनोमीटर निघाली, म्हणजे रेणूंच्या मापाची. आणि कागदावर त्याच्या दाण्यांमधल्या अंतराएवढी. एका साध्या घासण्यातून दोन्ही यंत्रणा वेगळ्या काढून दाखवल्या.

टायर बनवणाऱ्यांचं कसब इथे पणाला लागतं. चाक ताशी 100 किमी वेगाला सेकंदात साधारण 14 वेळा फिरतं. या मंद वारंवारतेला रबराने ऊर्जा खाऊ नये, नाहीतर पेट्रोल वाया जातं. आणि हजारांच्या नि लाखांच्या वारंवारतेला मात्र खूप खावी, नाहीतर पकड मिळत नाही. कार्बनच्या काजळीबरोबर सिलिका वापरून मिशलॅनने 1992 च्या सुमारास हे दोन्ही बऱ्यापैकी साधलं. वेगवान गाड्यांसाठीच्या परफॉर्मन्स टायरमध्ये पारडं उघडपणे पकडीकडे झुकवलेलं असतं. त्यासाठी त्यात भरपूर तेल आणि राळ असते, ठरलेल्या तापमानाला रबर बरोबर त्या शिखरावर बसावं म्हणून.

आणि टायर वापरताना नेमकं हेच जुळवलेलं गणित बिघडत जातं.

रबराच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. चार्ल्स गुडइयरला 1839 मध्ये सापडलेली हीच ती प्रक्रिया, गंधक आणि उष्णता. पण कारखान्यातून बाहेर पडल्यावर ती पूर्ण थांबत नाही. ट्रॅकवर टायर सडकून तापला की उरलेलं गंधक नवे पूल बांधतं, आणि लांब, लवचिक पूल तुटून आखूड, ताठ पूल तयार होतात. टायरमध्ये भरपूर वापरलं जाणारं स्टायरिन-ब्युटाडाईन रबर हवेतल्या ऑक्सिजनमुळेही अधिक घट्ट बांधलं जातं. तेल हळूहळू बाहेर झिरपतं, उडून जातं. परिणाम सगळ्यांचा एकच: रबर टणक होतं. टणक रबर खडीच्या दऱ्यांत उतरत नाही, म्हणून चिकटणं कमी. खडी त्यात कमी घुसते, म्हणून ऊर्जेचा ऱ्हासही कमी. दोन्ही वाटा एकदम अरुंद होतात. ट्रॅकवर जाणारे लोक टायर किती किलोमीटर चालला यापेक्षा किती वेळा कडक तापून गार झाला हे मोजतात, त्याचं कारण हे.

झीज स्वतःही गुन्हेगार आहे, पण अनपेक्षित रीतीने. उष्णता तयार होते रबराच्या जाडीत, आणि साठतेही तिथेच. थर पातळ झाला की वाकायला रबर कमी, म्हणून उष्णता कमी तयार होते. सरळ रस्त्यावर वाऱ्याने ती पटकन निघूनही जाते. शर्यतीचा टायर साधारण 100 अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम चालतो. तो गार पडला की घसरू लागतो. घसरताना गार, ठिसूळ पृष्ठभागाचे बारीक कण सोलले जाऊन वरच गोळा होतात, आणि गाडी रस्त्याऐवजी त्या कणांवर चालते. उलट टायर फार तापला तर रेणू इतके चपळ होतात की आपण शिखराच्या दुसऱ्या उतारावर जातो. आतलं रबर उकळल्यासारखं होऊन फोड येतात. दोन्ही बाजूंना उतारच आहे.

नोएडाच्या त्याच शर्यतीत किमी रायकोनेन या दुसऱ्या चालकाने टायरच्या एकाच संचावर जवळजवळ संपूर्ण शर्यत काढायचा प्रयत्न केला. दुसऱ्या स्थानावर होता. शेवटच्या टप्प्यात टायरनी साथ सोडली आणि एकामागून एक गाड्या त्याला मागे टाकत गेल्या. अखेरीस त्याने नवे मऊ टायर घातले आणि शेवटच्या, 60 व्या फेरीत अख्ख्या शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी नोंदवली. इंधन संपत आल्याने गाडी हलकी झाली होती हे खरं, पण काही फेऱ्यांपूर्वीही ती हलकीच होती. बदललं होतं ते रबर. सातवा आला.

टायरमध्ये नायट्रोजन भरला की ग्रिप वाढते, असं पंपावर सांगून पैसे घेतले जातात. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. शर्यतीत तो वापरतात कारण तो कोरडा असतो आणि दाब बेभरवशाने वाढत नाही. रबर रस्त्याला कसं धरतं याच्याशी आतल्या वायूचा संबंध नाही. नवीन गाडीच्या चाकांखाली लिंबं चिरडून निर्धास्त होणाऱ्यांनी तर निदान त्याच वेळी खाली वाकून टायरची बाजू वाचावी. तिथे खरोखर उपयोगाची माहिती छापलेली असते, ती पुढे सांगतो.

त्याआधी पाणी. इथे मात्र नक्षीच राजा आहे. नासाच्या लँगली केंद्रात होर्न आणि ड्रेहर यांनी 1963 मध्ये विमानांच्या चाकांवरून एक सोपं सूत्र काढलं: साठलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 32 पीएसआय हवा असलेल्या मोटारीला ते लावलं तर वेग येतो ताशी सुमारे 94 किमी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींना 100 ची मुभा आहे. हे सूत्र पाणी खोबण्यांत मावत नाही तेव्हाचं. नव्या टायरची साधारण 8 मिमी खोबण ते पाणी पोटात घेऊन बाहेर फेकते आणि तरंगण्याची वेळ येऊ देत नाही. कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिमी, म्हणजे तिथे पोचेपर्यंत खोबणीची 80 टक्के खोली गेलेली असते. रुंद परफॉर्मन्स टायरला तर जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे जूनमध्ये त्याची अवस्था अरुंद टायरपेक्षा आधी बिकट होते.

खोबणीच्या तळाशी दिसणारी उंचवट्याची पट्टी, जिला टायरवाले टीडब्ल्यूआय म्हणतात, ती फक्त या खोलीबद्दल बोलते. रबर किती टणक झालं आहे ते तिला कळत नाही. त्यासाठी टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे पाहा. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला आहे. कुणी जुने सेमी-स्लिक (अगदी थोडी नक्षी असलेले, ट्रॅकसाठीचे टायर) ‘नक्षी 90 टक्के’ म्हणून स्वस्तात विकत असेल तर आधी हे चार आकडे विचारा, मग ट्रॅकवर वेगात पळवण्याचे किती दिवस, म्हणजे ट्रॅक डे, झाले ते विचारा, आणि नंतर रबरात नख रुतवून पाहा.