शुगरची फाईल वेगळी आणि हार्टची वेगळी, हे असं का झालं

आमच्या बाबांच्या कपाटात दोन फायली आहेत, निळी शुगरची आणि पिवळी हार्टची. निळी वीस वर्षं जुनी आणि पिवळी चार वर्षांपूर्वीची, म्हणजे पर्वती चढताना अर्ध्या पायऱ्यांवरच त्यांना धाप लागली तेव्हापासूनची. छातीत कळ वगैरे काहीच नाही, ॲसिडिटी असेल म्हणून दोन दिवस घरीच काढले आणि मग ईसीजीत दिसलं की अटॅक येऊन गेलाय. डायबेटिसने नसा बधिर होतात त्यामुळे बऱ्याच जणांना अटॅकचं दुखणं कळतच नाही, हे आम्हाला तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं. स्टेंट टाकून घरी आलो तर शुगरचे डॉक्टर म्हणायचे हार्टचं त्यांना विचारा, हार्टचे म्हणायचे शुगरचं तिकडे विचारा. मग मी वाचायला लागले की हे दोन आजार वेगळे पडलेच कसे.

१९२२ मध्ये टोरंटोत पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी, विशेषतः लहान वयात डायबेटिस झालेली मुलं कोमात जाऊन दगावायची. ती जगायला लागली, माणसं डायबेटिस घेऊन म्हातारी व्हायला लागली आणि तेव्हा कुठे हार्ट, किडनी, डोळे हे सगळं पुढे आलं. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो लोकांची वर्षानुवर्षं तपासणी चालू होती, त्यातून १९७९ मध्ये छापून आलं की डायबेटिसवाल्यांना हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका दुप्पट ते तिप्पट असतो, आणि बायकांना त्याचा फटका जास्तच बसतो. आपल्याकडे मात्र आजही घरातल्या बाईची धाप म्हणजे दमणूक!

मला सगळ्यात हादरवणारा आकडा फिनलंडचा वाटला, १९९८ चा. डायबेटिस आहे आणि एक अटॅकही येऊन गेलाय अशा लोकांपैकी शंभरात ४५ जणांना सात वर्षांत परत अटॅक आला, आणि अटॅक आलेला पण डायबेटिस नसलेल्यांत हेच साधारण १९. एवढा फरक!

आता आपल्याला वाटणार की मग शुगर एकदम खाली आणली की झालं, आणि डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. अमेरिका-कॅनडातल्या ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासात दहा हजारांवर लोक घेतले, हार्टचा त्रास असलेले किंवा धोका जास्त असलेले, आणि अर्ध्यांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) औषधांचा मारा करून ६ टक्क्यांच्या खाली न्यायची असं ठरवलं. २००८ मध्ये तो भाग मधेच थांबवावा लागला कारण त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले होते. बाबा तेव्हा ६ यावे म्हणून रात्रीचं जेवण सोडायचे, घाम फुटून बसायचे, आणि आम्ही कौतुक करायचो. हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

खरा फायदा शुगरसोबतच्या बाकीच्या गोष्टींनी दाखवला. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियात ४४४४ हार्ट पेशंट घेऊन अर्ध्यांना कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन गोळी दिली, तर त्यांच्यात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले, त्यातल्या डायबेटिसवाल्यांनाही चांगलाच फायदा दिसला. डेन्मार्कमध्ये फक्त १६० डायबेटिसवाले घेऊन त्यातल्या अर्ध्यांचं बीपी, कोलेस्टेरॉल, शुगर, ॲस्पिरिन, चालणं, खाणं सगळं एकत्र सांभाळलं, तर साधारण आठ वर्षांत त्यांच्यात अटॅक-स्ट्रोकसारखे प्रकार निम्म्यावर आले. म्हणून कळकळीने सांगते, "रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ होण्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तो रिपोर्ट गोळीमुळेच नॉर्मल असतो.

यात पुण्याचाही मोठा वाटा आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करतायत. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडची ३.५ ची, पण अंगावरची चरबी त्या मानाने आपल्याच बाळांची जास्त. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरचा फोटो शेजारी शेजारी छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी ब्रिटिश डॉक्टरची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. "आमचे हे तर सडपातळ आहेत" हे आपलं समाधान किती फसवं आहे बघा.

मग २००७ मध्ये रोसिग्लिटाझोन या शुगरच्या गोळीने अटॅक वाढतात की काय अशी शंका आली (भारतात ती २०१० ला बंद झाली) आणि अमेरिकेने नियम केला की शुगरचं नवं औषध हार्टला धोकादायक नाही हे सिद्ध करा. त्याच नियमामुळे २०१५ ला एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचा निकाल आला, डायबेटिस आणि हार्टचा आजार दोन्ही असलेल्या ७०२० लोकांत हार्टमुळे होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी! पुढच्या वर्षी लिराग्लुटाइड या इंजेक्शनचाही फायदा दिसला. मार्च २०२५ मध्ये भारतात एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या आसपासची गोळी मेडिकलमध्ये अगदी स्वस्तात मिळायला लागली.

बाबांना ती सुरू केली तेव्हा शुगरच्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच पिवळी फाईल मागून घेतली, इकोचा रिपोर्ट नीट वाचला. आणि आषाढीचा कडक उपास किंवा उलट्या-जुलाब असतील तर ही गोळी थांबवायची, आधी फोन करायचा, असं निळ्या फाईलवर लाल पेनाने लिहून दिलं.