सगळ्या जुन्या लेन्स एकशे पस्तीसच्याच का?

हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास गोदाघाटावर गेलं की रामकुंडाच्या आसपास कॅमेरा घेऊन उभे असलेले दोन-चार जण तरी दिसतात. त्यांतल्या एखाद्याच्या नव्याकोऱ्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या डिजिटल) बॉडीवर हल्ली पन्नास वर्षांपूर्वीची, हाताने फोकस करायची जड धातूची लेन्स असते. कितीची, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा एकच: "एकशे पस्तीस." म्हणजे १३५ मिमी फोकल लेंग्थची, लांबचं जवळ आणणारी. कुणाला ती काकांच्या कपाटात सापडलेली असते, कुणी बंद झालेल्या स्टुडिओतून उचललेली असते. आकडा मात्र तोच. चेहऱ्यासाठी हीच फोकल लेंग्थ सर्वोत्तम, असं ठरवून कुणी हा आकडा निवडला नव्हता.

त्याचं मूळ १९३०च्या दशकात आहे. तेव्हाचे ३५ मिमी फिल्मचे नावाजलेले कॅमेरे, लायट्झ कंपनीचा लायका आणि झाइसचा कॉन्टॅक्स, रेंजफाइंडर होते. त्यांत फोटोग्राफर लेन्समधून बघतच नसे. वरच्या छोट्या खिडकीत दोन प्रतिमा दिसत, रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. ही जुळणी कॅमेऱ्यावरच्या दोन झरोक्यांमधल्या काही सेंटिमीटर अंतराच्या जोरावर चाले, म्हणून तिच्या अचूकतेला मर्यादा होती. लेन्स जितकी लांब, तितकी फोकसमधली बारीकशी चूकही ठळक दिसायची. १३५ मिमीपर्यंत निभत होतं. झाइसची १३५ एफ/४ सोनार १९३२ची, लायट्झची १३५ एफ/४.५ हेक्टर १९३३ची (एफचा आकडा लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). लायट्झने १९३५मध्ये २०० मिमीची टेलिट काढली, पण तिच्यासाठी लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये आरशाची वेगळी पेटी बसवावी लागली. एकशे पस्तीस ही रेंजफाइंडरची वेस होती.

पुढे लेन्समधूनच दिसावं म्हणून आरसा कॅमेऱ्याच्या पोटातच आला. १९३६चा किने एक्झाक्टा, १९४९चा कॉन्टॅक्स एस (लेन्स आट्यांनी फिरवून बसवायचा ४२ मिमी स्क्रू माउंट, म्हणजेच एम ४२, याच्यापासूनचा), १९५९चा निकॉन एफ, १९६४चा पेंटॅक्स स्पॉटमॅटिक. आता लेन्समधूनच दिसू लागल्यावर वेस उरली नाही, तरी आकडा टिकला. कारखान्यांकडे आराखडे तयार होते आणि गिऱ्हाइकांना आकडा ओळखीचा होता. बॉडीसोबत पन्नासची लेन्स, पैसे साठले की दुसरी एकशे पस्तीसची, असा शिरस्ताच पडला. जपान, पूर्व जर्मनी, सोव्हिएत रशिया, सगळीकडे या लेन्स ढिगाने निघाल्या. आपल्याकडे आयातीवर कडक परवाने होते, पण मॉस्को आणि पूर्व बर्लिनशी व्यवहार रुपयांत चाले. आपल्या कपाटांतून सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मन प्राक्टिका कॅमेरे निघतात त्या त्यामुळेच.

मग झूम स्वस्त झाल्या, १९८५मध्ये मिनोल्टा ७००० ऑटोफोकस घेऊन आला आणि एकशे पस्तीस माळ्यावर गेली.

ती खाली आली अंतराच्या हिशेबामुळे. एम ४२ लेन्सला माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी लागतात. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये (आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात) हेच अंतर ४६.५ मिमी, त्यामुळे मध्ये काच घातल्याशिवाय लांबचा फोकस मिळत नसे. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिमी आहे. उरलेल्या जागेत बिनकाचेचा पोकळ अॅडॉप्टर बसतो आणि काम होतं. २०१३मध्ये फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला, सोनी ए७ आल्यावर एकशे पस्तीस कोपरे न कापता पूर्ण दिसू लागली.

या लेन्सने मागचं धूसर करून टिपलेल्या चेहऱ्यांना सगळे 'जुन्या काळचा लूक' म्हणतात, तिथे माझा आक्षेप आहे. लख्ख उन्हात १०० आयएसओला (फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) एफ/२.८वर, म्हणजे यांतल्या अनेक लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, अंदाजे १/३२०० सेकंद शटर लागतो. स्पॉटमॅटिक १/१०००ला थांबायचा, झेनिट ई तर १/५००लाच. म्हणजे १९७०मध्ये घाटावर दुपारी ही लेन्स पूर्ण उघडी ठेवून चेहरा टिपणं जवळपास अशक्य होतं. सावली शोधा, नाहीतर अॅपर्चर (छिद्र) लहान करा. मागचं देऊळ विरघळवून टाकणारे उन्हातले पोर्ट्रेट याच काचेचे असले तरी एवढा वेगवान शटर असलेल्या आजच्या कॅमेऱ्याचे आहेत.

परवा घाटाच्या पायरीवर पणत्या-फुलांची टोपली मांडून बसलेल्या आजींचा फोटो काढला, अर्थात विचारूनच. साधारण तीन मीटरवरून. या अंतरावर एफ/२.८ला जेमतेम आठ सेंटिमीटर भाग स्पष्ट राहतो. डोळा धरला की कानामागचा अंबाडा मऊ व्हायला लागतो. थंडीने ग्रीस घट्ट झालेलं, रिंग जड फिरत होती. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा मोठी करून पापणी शोधली, तोवर आजी झेंडू ओवायला लागल्या होत्या. मान खाली गेली, फोकस कपाळावर सरकला. पुन्हा रिंग फिरवली. तेवढ्यात त्यांनी वर बघून विचारलं, "झालं का रे बाळा?" आणि त्याच क्षणी डोळे आठ सेंटिमीटरच्या आत आले.