फ्रेडी मर्क्युरीची युगलगीते : पार्श्वभूमी

झांझिबारमध्ये १९४६ साली एका पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बलसारा शालेय वयात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तेथे तो पियानो शिकला आणि काही मित्रांनी मिळून काढलेल्या 'हेक्टिक्स' या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. पुढे 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगाने ओळखलेल्या या कलावंताने तीन मोठ्या समकालीनांबरोबर गाणी केली. अशी गाणी केवळ दोन नावांच्या बेरजेने होत नाहीत, दोघांनी एकमेकांसाठी वेळ काढावा लागतो, हे या तिन्ही प्रसंगांतून दिसते.

पहिला प्रसंग जुलै १९८१ मधला. स्वित्झर्लंडमधील मोंत्रो येथे क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी त्या काळी त्याच देशात राहत असे. तो आला होता क्वीनच्या दुसऱ्याच एका गाण्याला मागून साथ द्यायला. पण सगळे मिळून सहज वाजवीत असताना बेस गिटारवरच्या एका छोट्या सुरावटीभोवती 'अंडर प्रेशर' आकाराला आले. दुसऱ्याने काय गायले हे न ऐकता प्रत्येकाने स्वतंत्रपणे सुचेल तशी चाल गाऊन ठेवायची आणि मग त्यातले उत्तम तुकडे जोडायचे, अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. गाण्याच्या मध्यावर फ्रेडीचा आवाज शब्दांवाचूनच उंच चढत जातो, त्याचे मूळ मला या पद्धतीत दिसते. अर्थात मतभेदही झाले. न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रणाचे अंतिम मिश्रण होईपर्यंत ताण कायम होता. गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि श्रेय क्वीनचे चौघे आणि बोवी अशा पाचही जणांच्या नावे लागले, तरी रंगमंचावर फ्रेडी आणि बोवी ते एकत्र कधीच गायले नाहीत. फ्रेडीच्या निधनानंतर, एप्रिल १९९२ मध्ये वेम्बली स्टेडियमवर झालेल्या श्रद्धांजली मैफलीत बोवीने ते गायिका ॲनी लेनॉक्सबरोबर गायले.

मायकेल जॅक्सनबरोबरचा प्रयत्न मात्र अर्धवट राहिला. कॅलिफोर्नियातील जॅक्सनच्या घरच्या स्टुडिओत १९८३ मध्ये दोघांनी तीन गाण्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण केले, परंतु ती पुरी करण्याइतका काळ दोघे एका देशात राहिलेच नाहीत. त्यांपैकी एक गाणे पुढे रॉक गायक मिक जॅगरच्या आवाजात १९८४ मध्ये आले. दुसरे फ्रेडीने १९८५ च्या आपल्या स्वतंत्र अल्बममध्ये एकट्याने गायले, आणि दोघांचे आवाज असलेले त्याचे रूप थेट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या दोघांची ऐन बहराची वर्षे लक्षात घेता ही हानी मोठी वाटते.

तिसरा प्रसंग सर्वांत धाडसी होता. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये फ्रेडी गेला होता ऑपेरागायक पावारॉत्तीला ऐकायला. भारावला तो स्पॅनिश ऑपेरागायिका मोंसेरात काबाये यांच्या आवाजाने. त्यांना भेटण्याची इच्छा त्याने स्पेनच्या दूरचित्रवाणीवर जाहीरपणे बोलून दाखवली आणि १९८७ मध्ये बार्सिलोनात भेट झाली. पियानोवादक माइक मोरन याच्यासह फ्रेडीने रचलेले 'बार्सिलोना' त्याच वर्षी आले, आणि काबायेबाईंनी एका गाण्यावर न थांबता पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर संपूर्ण अल्बम केला. ऑपेरा आणि रॉक यांची अशी सांगड त्या काळी अनेकांना विचित्र वाटली असेल. पण येथे कोणीही आपली गायकी सौम्य केलेली नाही, म्हणूनच ते गाणे टिकले, असे मला वाटते. ऑक्टोबर १९८८ मध्ये बार्सिलोना शहरात झालेल्या सोहळ्यातील गायनानंतर फ्रेडीने अशा मोठ्या मंचावर गायन सादर केले नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेला आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी पुन्हा प्रसिद्ध झालेले ते गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. मूळ अल्बममध्ये वाद्यवृंदाचे बरेचसे काम सिंथेसायझरवर भागवले होते. पूर्ण वाद्यवृंदासह नव्याने केलेली आवृत्ती २०१२ मध्ये आली, आणि ती ऐकताना काबायेबाईंच्या आवाजाला साजेसे वजन साथीला प्रथमच लाभल्याचे जाणवते.